मंगळवारच्या विजयाताई

श्रीमती विजया टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट आमच्या शाळेच्या पालकसभेत झाली, आणि ती भेट आहे हे मला बऱ्याच वेळाने कळले. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या टेकडीखाली आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. मी तेव्हा तिथे नववीची वर्गशिक्षिका होते. ‘कुटुंब आणि बचत’ या विषयावर बोलण्यासाठी मुख्याध्यापकांनी बँकेतून निवृत्त झालेल्या एका अधिकारीबाईंना बोलावले होते, आणि त्यांच्या स्वागतासाठी मी पुष्पगुच्छ घेऊन फाटकाशी उभी होते. मोटारीतून उतरणाऱ्या कुणी बाई येतील अशी माझी समजूत. रिक्षातून उतरलेल्या, फिकट सुती साडीतल्या, जिन्याचा कठडा धरून सावकाश वर गेलेल्या बाई मला कुणा विद्यार्थ्याच्या आजी वाटल्या. मी वर पोहोचले तेव्हा त्या शेवटच्या बाकावर बसून शेजारच्या आईला विचारत होत्या, ‘तुमचं रेशन चालू आहे ना?’

भाषणाला उभ्या राहिल्यावर त्या म्हणाल्या, ‘मला बचतीवर बोलायला सांगितलंय. महिनाअखेरीला ज्यांच्या हातात काही उरतं त्यांनी हात वर करा.’ एकही हात वर गेला नाही. मागे दोघीतिघी हसल्या. ‘मग बचत राहू द्या,’ विजयाताई म्हणाल्या. ‘कुणाचं काय अडलंय ते बोलू.’

सभेत कुणीच बोलले नाही. चारचौघांत घरची अडचण कोण सांगणार? मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि सभा संपली. पण विजयाताई जिना उतरत असताना एक आई त्यांच्या मागोमाग उतरल्या आणि मधल्या वळणावर त्यांनी हळूच विचारले, मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली असे शाळा सांगते, बँक म्हणते आलीच नाही, तर आता जायचे कुणाकडे? विजयाताई तिथेच पायरीवर बसल्या. त्या आईही बसल्या. त्यांच्यामागे आणखी कुणी थांबले, त्यांच्यामागे आणखी कुणी. शिपाईमामा शाळा बंद करायला आले तेव्हा त्यांना जिना उतरायला जागा नव्हती. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, ‘ताई, जिन्यात कशाला? चित्रकलेची खोली मंगळवारी दुपारी रिकामी असते.’

एवढ्यावर ते काम सुरू झाले. उद्घाटन झाले नाही. फलक लावू या, असे मी सुचवले तेव्हा विजयाताईंनी मान हलवली. ‘फलक लावलात तर कुणी येणार नाही. पोराच्या शाळेत जाऊन येते, असं सांगून बाई घरातून निघू शकते. मदत मागायला जाते, असं सांगून कशी निघेल?’ शाळाच का, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. त्यानंतर पुष्कळ संस्थांची माणसे आमची खोली पाहायला आली, प्रश्न विचारून गेली. त्यांनाही विजयाताईंनी याहून वेगळे काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

विजयाताई मुलुंडच्या. त्यांची सगळी नोकरी एका बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे कर्जवसुलीच्या विभागात गेली. थकलेल्या कर्जदारांच्या दारात जाऊन उभे राहणे हेच त्यांचे काम होते, आणि हे सांगताना त्या कधी अडखळत नाहीत. त्यांना ‘समाजसेविका’ म्हटलेले आवडत नाही. कुणी म्हटलेच तर त्या म्हणतात, ‘मी बँकेतली बाई आहे. आधी बँकेच्या बाजूने बसायचे, आता समोरच्या खुर्चीत बसते.’

त्या खोलीत काय चालते हे बाहेरच्यांना फार मोठे वाटणार नाही. कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडलेला असतो. कुणाच्या जातीच्या दाखल्यासाठी गावाकडचे, आजोबांच्या काळातले कागद लागतात आणि गावी विचारायला माणूस उरलेला नसतो. आधारकार्डावर नाव एक, शाळेच्या दप्तरात दुसरे. खाजगी शाळेतल्या राखीव जागेचा अर्ज, एकट्या आईच्या मुलांसाठी असलेली सरकारी मदत, भिशीत बुडालेले पैसे, सोने गहाण ठेवताना न वाचता केलेली सही. समोरची व्यक्ती रडली तर विजयाताई थांबतात. पाण्याचा पेला पुढे सरकवतात. मग विचारतात, ‘हं. पासबुक आणलंय?’ पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कोरडे वाटते. मलाही वाटले होते. पुढे माझ्या लक्षात आले की येणाऱ्या बायकांना रडू ऐकून घेणाऱ्या मैत्रिणी शेजारीपाजारी मिळतात. पासबुक वाचून दाखवणारे कुणी मिळत नाही.

त्यांचा एक नियम पहिल्यापासून आहे. त्या स्वतःच्या खिशातून कुणालाही पैसे देत नाहीत. त्या नियमावरून आमच्या शिक्षकदालनात वाद झाले, आणि आजही तो मला पूर्ण पटला आहे असे मी लिहिणार नाही. त्याची कसोटी ज्या प्रसंगी लागली तो इथे सविस्तर सांगते. त्याच कुटुंबामुळे मला विजयाताई खऱ्या अर्थाने कळल्या.

माझ्या वर्गात रेश्मा तांबे नावाची मुलगी होती. तांबे मूळचे संगमेश्वराकडचे. आजोबा गिरणीत होते. वडील मंगेश एका एजन्सीमार्फत अंधेरीच्या कंपनीत सुरक्षारक्षक होते. नववीच्या दिवाळीनंतर ते छातीत कळ येऊन घरीच वारले. रेश्मा दिवसकार्य उरकून शाळेत आली, आणि त्याच आठवड्यात मला फोन येऊ लागले. वर्ग चालू असताना, डबा खाताना, घरी पोळ्या लाटताना. ‘मॅडम, आप टीचर हो ना रेश्मा की? उसके बाप ने लोन लिया है. आप का नंबर दिया है.’ स्वतःच्या आईच्या आजारपणात मंगेशरावांनी मोबाइलवरून मिळणारी कर्जे घेतली होती. एक फेडायला दुसरे. त्यांच्या फोनमधले सगळे नंबर कर्जवाल्यांच्या हाती लागले होते, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटामुळे त्यात माझाही होता.

मला त्या आवाजाची भीती बसली. मंगळवारी विजयाताईंना सांगत असतानाच फोन वाजला. त्यांनी हात पुढे केला.

‘मी शाळेतून बोलतेय. आपलं नाव काय?’

पलीकडून काहीतरी वरच्या आवाजात आले.

‘नाव नाही सांगत? कंपनीचं नाव सांगा. तेही नाही? बरं. मग मी सांगते. ज्यांनी कर्ज घेतलं ते वारले. या बाईंनी कुठे सही केलेली नाही. हा नंबर मी लिहून घेतलाय आणि आज पोलीस चौकीत देणार आहे. परत शाळेत फोन करू नका.’ त्यांचा आवाज वाढला नाही. अर्ज कुठे भरायचा हे सांगताना असतो तसाच, दमलेला आणि सरळ.

फोन माझ्याकडे देऊन त्या म्हणाल्या, ‘मीही हेच काम केलं हो. पण आम्ही दारात उभं राहून आधी स्वतःचं नाव सांगायचो.’ त्या संध्याकाळी त्या मला घेऊन खरोखरच चौकीत गेल्या. मला येणारे फोन बंद झाले. रेश्माच्या आईला येणारे बंद व्हायला आणखी बराच काळ गेला.

रेश्माच्या आई टेकडीवरच्या एका खोलीत भाड्याने राहत होत्या आणि खालच्या इमारतींत धुण्याभांड्याची कामे करत होत्या. त्यांनी मंगळसूत्रातले मणी आणि कानातले विकून कर्जवाल्यांना थोडे पैसे भरलेही होते. एके दिवशी त्या कार्यालयात आल्या आणि रेश्माचा शाळा सोडल्याचा दाखला मागू लागल्या. मुलीला कपड्यांच्या दुकानात लावायचे ठरले होते. क्लार्कनी त्यांना माझ्याकडे पाठवले आणि मी त्यांना चित्रकलेच्या खोलीत नेले. विजयाताई आता शिक्षणाचे महत्त्व समजावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तो विषयच काढला नाही.

‘दाखला मिळेल. तुमचा हक्क आहे तो,’ त्या म्हणाल्या. ‘त्याआधी एक सांगा. साहेबांचा पगार रोख मिळायचा की बँकेत यायचा?’

‘बँकेत. पण आता काय नाय त्याच्यात.’

‘पगारातून काही कापायचे का?’

‘कापायचे. ते बोलायचे, कापून हातात कमीच येतो.’

विजयाताईंनी पासबुक चाळले, रेश्माला वर्गातून बोलावून मंगेशरावांच्या फोनमधले जुने संदेश काढायला सांगितले. प्रॉव्हिडंट फंडाचा एक संदेश सापडला. त्यांनी तो त्या माउलीला वाचून दाखवला आणि सांगितले, की नवऱ्याचा फंड तुम्हाला मिळायचा आहे, त्यावर विधवेला आणि मुलीला दरमहा थोडी पेन्शन असते, आणि या पैशांना कर्जवाले हात लावू शकत नाहीत.

रेश्माच्या आईंना आनंद झाला असे मी लिहीन तर ते खोटे होईल. त्यांनी फक्त विचारले, ‘कधी मिळंल?’

‘वेळ लागेल,’ विजयाताई म्हणाल्या. ‘बराच लागेल.’

‘भाडं तर आता भरायचंय, ताई. तुम्ही द्या थोडं. मी फेडीन.’

रेश्मा वर्गात परत गेली होती, खोलीत आम्ही तिघीच होतो. विजयाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘मी पैसे देत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं काम करीन. तुमच्याबरोबर सगळीकडे येईन. पैसे नाही देणार.’

रेश्माच्या आई उठून गेल्या. मी चिडले. दोन महिन्यांचे भाडे तुम्हाला जड आहे का, असे मी विजयाताईंना तोंडावर विचारले. त्या म्हणाल्या, ‘जड नाही. पण उद्या या दारात पैशांची रांग लागेल. मग कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही हे मी ठरवणार. कोण खरं, कोण खोटं, हे मी बघणार. ते काम मी आयुष्यभर केलं, आता नको. तुम्ही द्या. तुम्ही तिच्या मुलीच्या बाई आहात, तुमचं नातं वेगळं.’ आम्ही शिक्षकांनी आपापसांत जमवून भाडे भरले. विजयाताईंनी त्यात भर घातली नाही. जाताना मात्र म्हणाल्या, ‘आज रात्री मला झोप लागणार नाही. ते माझं मी बघेन.’

पुढच्या मंगळवारी रेश्माच्या आई परत आल्या. दाखल्याचे नाव त्यांनी काढले नाही, कागदांचे काढले.

मग सुरू झाले ते चालतच राहिले. मृत्यूच्या दाखल्यावर मंगेशरावांच्या वडिलांचे नाव चुकलेले. ते दुरुस्त होईपर्यंत परीक्षा आली. एजन्सीच्या दप्तरी जन्मतारीख वेगळी, आणि फंडाच्या अर्जावर एजन्सीचीच सही हवी. एजन्सीचे कार्यालय अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावर. मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्या दोघींबरोबर तिथे गेले. लिफ्ट बंद होती. विजयाताई प्रत्येक मजल्यावर थांबत, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेत आणि पुढचा जिना चढत.

तिथला व्यवस्थापक तरुण होता आणि उद्धट नव्हता. ‘मॅडम, ते काँट्रॅक्ट संपलं. तांबेंचं रेकॉर्ड आमच्याकडे नाही.’

‘पगार तुमच्या नावाने जमा झालाय. हे बघा पासबुक.’

‘हेड ऑफिसला विचारावं लागेल.’

‘विचारा. आम्ही बसतो.’

आम्ही बसलो. व्यवस्थापक जेवायला गेला. विजयाताईंनी पिशवीतून डबा काढला आणि पोळीभाजीचे तीन वाटे केले. कार्यालयातली माणसे आमच्याकडे बघत होती. मला संकोच वाटत होता. विजयाताई जेवत होत्या. संध्याकाळी आम्हाला सांगण्यात आले की पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात सांगितले की सही करणारे साहेब रजेवर आहेत.

परतीच्या रिक्षात रेश्माच्या आई म्हणाल्या, ‘ताई, आता नको. मिळायचं तेव्हा मिळंल. माझा दिवस मोडतो. खाडा झाला की बाई बोलतात.’

विजयाताई बाहेर बघत होत्या. ‘खरंय तुमचं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या बाईंशी मी बोलून बघू का? कामासाठीच जाताय, हे त्यांना कळलं तर समजून घेतील.’

त्या बोलल्या. एका घरच्या बाईंनी समजून घेतले. दुसऱ्या घरच्या बाईंनी फोनवर गोड बोलून महिनाअखेरीला रेश्माच्या आईंना कामावरून कमी केले आणि दुसरी बाई ठेवली.

ते कळले त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी विजयाताई शाळेत आल्या. पिशवी टेबलावर ठेवून त्या पंख्याखाली बसल्या. मग म्हणाल्या, ‘ते काम माझ्यामुळे गेलं. त्या नको म्हणत होत्या. मीच फोन केला.’ त्यांना तसे वाटू नये म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हाताने थांबवले. ‘उगाच समजूत काढू नका. झालंय ते झालंय. आता काम शोधायला हवं.’

ज्या बाईंनी पैसे द्यायला नकार दिला होता, त्या उन्हात मुलुंडभर फिरल्या. ओळखीच्या सोसायट्यांतून, रखवालदारांना विचारत, जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जिने चढत. स्वतःच्याच घरी का ठेवून घेत नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘मग त्या माझ्याकडे कामाला असतील. मला नाही म्हणायची त्यांना चोरी होईल.’ अखेर एका वृद्ध जोडप्याकडे दोन वेळच्या स्वयंपाकाचे काम मिळाले. आधीच्या कामापेक्षा बरे, फक्त लांब. रेश्माच्या आई तिथे जाऊ लागल्या, आणि रेश्मा सकाळचा भात घरी लावून शाळेत येऊ लागली.

एजन्सीची सही मिळालीच नाही. विजयाताईंनी तक्रार लिहिली, तिची पोच घेतली, पुन्हा लिहिली. एजन्सीच्या सहीवाचून दावा कसा दाखल करता येतो ते शोधून काढले आणि रेश्माच्या आईंना घेऊन फंडाच्या कार्यालयात जाऊन बसल्या. तिथल्या एका बाईंनी सगळे कागद नीट पाहिले आणि राहिलेली त्रुटी समोर बसवून दुरुस्त करून घेतली. त्या बाईंचे नाव विजयाताई अजून काढतात. ‘कामाचं माणूस भेटलं की सगळं सोपं असतं. ते भेटेपर्यंतच वेळ जातो.’

फंड जमा झाला तेव्हा रेश्मा दहावी पास होऊन कॉलेजला गेलेली होती. पेन्शन सुरू झाली. रक्कम मोठी नाही; तिच्यातून भाड्याचा काही भाग निघतो, इतकेच. पण दुकानात जाणे टळले. रेश्मा वाणिज्य शाखेतून पदवीधर झाली आणि आज घाटकोपरच्याच एका रक्ततपासणी केंद्रात पावत्या करते. दिवसभर उभे राहून पाय दुखतात, अशी तिची तक्रार आहे. तिच्या आई अजून स्वयंपाक करतात. त्या आता आमच्या खोलीत येत नाहीत, रस्त्यात भेटल्या तर घाईत हात करून जातात. मला थोडे वाईट वाटले होते. विजयाताईंना नाही वाटले. ‘परत यावं लागलं नाही, ते बरंच आहे की.’

सगळ्याच गोष्टी अशा झाल्या नाहीत. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अमृतमहोत्सवी अंकात हे लिहावे की नाही याचा मी विचार केला. पण न लिहिलेले विजयाताईंना आवडले नसते. वाकोल्याच्या शाळेत त्यांनी अशीच खोली सुरू केली, पुढे बोरिवलीतही. वाकोल्यातले एक कुटुंब दोन मुलींसह एका सकाळी राहती खोली सोडून निघून गेले. व्याजाने पैसे देणाऱ्याचा तगादा होता आणि विजयाताईंनी आदल्याच आठवड्यात सांगितले होते की घाबरू नका, आपण तक्रार करू. मुलींची नावे कुठल्याही शाळेत लागल्याचे कळले नाही. विजयाताई अजूनही त्या मुलींच्या वर्गशिक्षिकेला फोन करून विचारतात, काही समजले का? समजलेले नसते.

माझ्यावरच्या त्यांच्या एका उपकाराचा उल्लेख इथे करायला हवा. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची औषधकंपनी बंद पडली. मी शाळेत कुणाला सांगितले नव्हते. घराचे हप्ते, मुलाची फी, सासूबाईंची औषधे, सगळे माझ्या एकटीच्या पगारावर आले होते. इतरांना मंगळवारी खोलीत नेऊन बसवणारी मी स्वतः मात्र गप्प होते; शिक्षिकेने तिथे कसे बसायचे? एकदा सगळे गेल्यावर विजयाताई म्हणाल्या, ‘बाई, दार लोटा आणि बसा. तुमचं काय चाललंय?’ त्यांना कसे कळले हे मी विचारले नाही. त्यांनीही पुढे कधी चौकशी केली नाही, कुणाला सांगितले नाही. हप्ते लांबवून घेण्यासाठी बँकेला काय लिहायचे, यजमानांच्या थकलेल्या पगारासाठी कुठे दावा करायचा, कुठली विमा पॉलिसी मोडायची आणि कुठली अजिबात मोडायची नाही, हे सगळे त्यांनी मला सांगितले. घर राहिले. यजमान महिनाभर कुणाशी नीट बोलत नव्हते. विजयाताई एकदा घरी येऊन त्यांच्याशी नुसत्या क्रिकेटवर बोलून गेल्या.

आता मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. पट घटतो आहे. खालचे वर्ग किती दिवस चालतील हे मला सांगता येत नाही. आमची खोली मात्र भरतेच. अर्ज आता सगळे ऑनलाइन झाले. पूर्वी खिडकीतल्या माणसाशी भांडता तरी यायचे. आता ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर जातो आणि तो नंबर बदलायलाही ओटीपीच लागतो. त्या दिवशी विजयाताईंनी तीनदा अर्ज भरला आणि तीनदा तो अर्ध्यातून उडाला. त्यांनी संगणक बंद केला, समोरच्या आजोबांना म्हणाल्या, ‘उद्या सकाळी लवकर या, तेव्हा चालतो,’ आणि तिथेच टेबलावर डोके टेकून डोळे मिटून बसल्या. घरी त्यांचे यजमान, टिपणीसकाका, अंथरुणाला खिळले आहेत. त्यांचे सगळे करून, सांभाळणाऱ्या बाई आल्या की विजयाताई निघतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यांनी दोनदा पुढे ढकलली, दोन्ही वेळा शाळांच्या प्रवेशाचे दिवस होते.

अजून का करता, असे त्यांना सगळेच विचारतात. त्यांचे उत्तर मोठे नसते. ‘थांबायचं ठरवते मी. मग कुणाचा तरी फोन येतो.’ या कामाने समाज बदलेल असे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. आपण दमलो आहोत हे त्या लपवत नाहीत, आणि दमलो म्हणून काम अर्धवटही टाकत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मी काय शिकले असे कुणी विचारले, तर मी हेच सांगेन.

या अंकासाठी लेख मागायला संयोजक आले तेव्हा मी विजयाताईंना विचारले, पंचाहत्तरीला तुम्हाला काय हवे? शाल नको, सत्कार नको, हे मला ठाऊकच होते. त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, ‘दुपारी जेवून झोपावंसं वाटतं हो. मध्ये कुणी उठवू नये. कित्येक वर्षांत अशी झोपले नाही.’

गेल्या महिन्यात आम्ही शाळेतल्या चौघीजणी आणि दोन पालक त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, की येत्या जूनपासून खोली आम्ही चालवू. चुका होतील, अडले की विचारू, पण खुर्चीत आम्ही बसू. त्यांनी आम्हाला बरेच उलटसुलट प्रश्न विचारले, एका प्रश्नाचे उत्तर मला आले नाही, ते त्यांनी समजावून सांगितले. मग म्हणाल्या, ‘बरं.’ शस्त्रक्रियेची तारीखही आमच्यासमोरच डॉक्टरांना फोन करून त्यांनी घेतली.

विजयाताई, आपल्या गुडघ्याला आराम पडो, काकांची प्रकृती स्थिर राहो, आपल्याला भरपूर आणि निरोगी वर्षे मिळोत. रोज दुपारी जेवून आपण निवांत झोपा. फोन वाजलाच तर आम्ही घेऊ.